पाच लिटरचं ऑक्सिजन मशीन भाड्याने घेतलं त्याचा अनुभव, आणि नळीतून जेवण द्यायचाही

बाबांना जुलैमध्ये दोन्ही बाजूंचा न्यूमोनिया झाला. सोळा दिवस आयसीयू, सहा दिवस वॉर्ड, आणि मग घरी आले ते नाकाला ऑक्सिजनची नळी आणि नाकातून पोटात गेलेली राईल्स ट्यूब घेऊनच. मशीन परत करून आता आठ दिवस झालेत, डोकं जरा थाऱ्यावर आलंय म्हणून लिहायला बसलेय. रिव्ह्यू तसा तीन गोष्टींचा आहे, भाड्याचं पाच लिटरचं (म्हणजे मिनिटाला पाच लिटरपर्यंत ऑक्सिजन देणारं) मशीन, ते देणारं परळचं सर्जिकलचं दुकान, आणि घरी येऊन फीड (नळीतून द्यायचं पातळ जेवण) कसं द्यायचं ते शिकवून गेलेल्या डायटिशियन मॅडम. तिन्ही एकत्र लिहितेय कारण आमच्या घरात ते वेगळं नव्हतंच. आधी मला वाटायचं ऑक्सिजन म्हणजे उपचार आणि जेवण म्हणजे आपलं नंतर बघू, ताकद यायला. तसं नसतं, आणि हे मला कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं.

आमचं घर करी रोडला, चाळीत, दुसरा माळा, दहा बाय बाराची खोली आणि मागे पार्टिशन टाकून केलेलं स्वयंपाकघर. हे आधी सांगते कारण मशीनच्या माहितीत जे फोटो असतात ना, मोठा बेडरूम, पांढऱ्या चादरी, तसं इकडे काही नाही आणि अर्धे प्रश्न त्यामुळेच आले.

पहिल्यांदा मशीन दुसऱ्याच दुकानातून घेतलं होतं. डिस्चार्ज दुपारी तीनला मिळणार हे सकाळी अकराला कळलं, दादाने फोनवर जो पहिला भेटला त्याला ॲडव्हान्स पाठवला, तो माणूस मशीन दारात ठेवून, प्लग लावून, "चालू आहे" म्हणून निघून गेला. रात्री दहाला बाबांचं सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) 89. हॉस्पिटलमध्ये त्याच 2 लिटरवर 94 होतं. आम्ही बोट बदललं, हात चोळून गरम केला (थंड बोटावर ऑक्सिमीटर चुकीचं दाखवतो हे सिस्टरने सांगितलेलं), दोन ऑक्सिमीटर लावून बघितले, तरी 89 आणि 90. मग मशीनवर नीट बघितलं तर पिवळा दिवा, म्हणजे ऑक्सिजन पुरेसा शुद्ध येत नाहीये. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला पेशंटची तब्येतच तशी असेल, सकाळी बघू. पेशंट माझे बाबा आहेत, सकाळी काय बघू. नशिबाने दादाने बॅकअप म्हणून एक छोटा सिलेंडर आणून ठेवला होता, त्याच्यावर लावलं तर वीस मिनिटांत 94. म्हणजे तब्येत नाही, मशीनच. रात्रभर सिलेंडरवर काढली. बी टाईपचा भरलेला सिलेंडर साधारण 1500 लिटरचा असतो, 2 लिटरने बारा तासांच्या थोडं वर जातो, हा हिशोब मी त्या रात्री पाच वेळा केला असेल. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण काय बघायचं ते लिहिते म्हणजे तुमची तशी रात्र जाऊ नये.

हे मशीन ऑक्सिजन बनवत नाही, खोलीतलीच हवा ओढतं. हवेत ऑक्सिजन 21 टक्के असतो आणि बाकी बहुतेक नायट्रोजन. आत झिओलाइटचे दाणे भरलेले दोन डबे असतात, ते दाबाखाली नायट्रोजन धरून ठेवतात आणि पुढे जातो तो 90 ते 96 टक्के ऑक्सिजन. ते दाणे जुने झाले, ओलसर झाले की नायट्रोजन नीट धरत नाहीत. मग काट्यावर (किती लिटर सोडलंय ते दाखवणाऱ्या मीटरवर) 2 लिटर दिसतं, नाकात हवाही लागते, बुडबुडेही येतात, पण त्यात ऑक्सिजन कमी असतो. म्हणून नुसतं "हवा येतेय ना" बघून उपयोग नाही. मशीनवर तासांचा मीटर असतो, गाडीच्या किलोमीटरसारखा. आमच्या त्या पहिल्या मशीनवर एकवीस हजार तास होते आणि आम्ही तो आकडा बघितलाच नव्हता.

सकाळी परळच्या दुकानात गेले. हॉस्पिटलांच्या आजूबाजूला सर्जिकलच्या दुकानांची जी रांग आहे त्यातलंच एक, बाहेर व्हीलचेअर आणि कमोड खुर्च्या मांडलेल्या. काका गल्ल्यावर होते, त्यांनी आधी डिस्चार्ज कार्ड मागितलं. मी म्हटलं मशीन पाहिजे, कार्ड कशाला, तर म्हणाले किती लिटर लिहिलंय ते बघितल्याशिवाय मी देत नाही. मला ते तेव्हा जरा लागलं, आता वाटतं तिथेच विश्वास बसला. भाडं महिन्याला साडेचार हजार, डिपॉझिट दहा हजार, पोचवणं त्यातच. दादाचं म्हणणं होतं दहा लिटरचं घेऊया, मोठं ते चांगलं. काकांनी नाही म्हटलं, बसून 2 आणि चालताना 3 लिहिलंय, त्याला पाच पुरे, दहावालं जास्त आवाज करेल, जास्त गरम होईल, बिल जास्त येईल. जास्त भाडं मिळत असताना नको म्हणणारा दुकानदार, म्हणून हे खास लिहितेय.

मशीन घेऊन जो मुलगा आला तो बावीस-तेवीसचा असेल. दोन माळे ते चौदा-पंधरा किलोचं मशीन त्याने एकट्याने चढवलं आणि घामाघूम होऊन आधी बाबांना म्हणाला, "काका, बरं वाटतंय ना?" मग मशीन चालू करून दहा मिनिटं तसंच राहू दिलं, कारण चालू केल्या केल्या पूर्ण शुद्धता येत नाही. बॅगेतून ऑक्सिजनची शुद्धता मोजणारा ॲनालायझर काढला, नळी त्याला लावून मला आकडा दाखवला, 2 लिटरला 94 टक्के, 5 लिटरला 92. मग नळी हातात दुमडून धरली, अलार्म वाजला. प्लग ओढला, अलार्म वाजला. म्हणाला, "ताई, हे दोन आवाज लक्षात ठेवा, रात्री झोपेतून उठून हेच ओळखायचेत." काट्यातली गोळी डोळ्याच्या रेषेत खाली बसून बघायची, वरून बघितलं की चूक दिसते, हेही त्यानेच आईला गुडघ्यावर बसवून दाखवलं. आई म्हणाली अरे बाळा चहा तरी घे, तर चहा पिता पिता त्याने देवघराकडे बघितलं आणि विचारलं, इथे दिवा लावता का?

लावतो ना. रोज, सकाळ-संध्याकाळ, उदबत्तीसकट, आणि देवघर बाबांच्या कॉटपासून चार फुटांवर. ऑक्सिजन स्वतः जळत नाही पण जळणाऱ्या वस्तूला भडकवतो, गादी, चादर, केस यांत तो मुरलेला असतो, तिथे ठिणगी पडली तर विझवायला वेळ मिळत नाही. आईला हे पटायला दोन दिवस लागले. शेवटी देव मागे स्वयंपाकघरात जातील तर गॅस तिथेच, मग बाबांची कॉट गॅलरीच्या दाराशी आणली, देवासमोर बॅटरीवरचा दिवा आला आणि उदबत्ती बंद. आईने चाळीस वर्षांत पहिल्यांदा वातीशिवाय दिवा लावला. बाबांच्या ओठांना व्हॅसलिन लावायचो तेही त्या मुलाने बंद करायला सांगितलं, ऑक्सिजनजवळ तेलकट-चिकट काही नको, पाण्यावर बनलेलं जेल मेडिकलमध्ये मिळतं ते लावा.

मशीनबद्दल आणखी दोन गोष्टी. एक म्हणजे पावसाळा. मशीनला पाण्याची बाटली असते, हवा ओलसर करायला. जुलै-ऑगस्टची मुंबई, भिंतीच ओल्या, त्यात ती बाटली, तिसऱ्या दिवशी नळीत पाणी जमून गुरगुरायला लागलं आणि बाबांच्या नाकात थेंब. रात्री साडेअकराला त्या मुलाला फोन केला, त्याने उचलला. म्हणाला नळी काढून झटका, पाणी काढा, आणि उद्या डॉक्टरांना विचारा बाटली लागतेय का. डॉक्टर म्हणाले 2-3 लिटरला नसली तरी चालते, साधारण 4 लिटरच्या वर लागते. काढली, प्रश्न संपला. ज्यांना ठेवायचीय त्यांनी डिस्टिल्ड वॉटर नाहीतर उकळून गार केलेलं घ्या आणि रोज बदला, नळाचं साधं पाणी नको. फिल्टर आठवड्याला धुवायचा, आमच्याकडे रस्त्याची धूळ इतकी की चौथ्या दिवशीच काळा व्हायचा, पूर्ण वाळल्याशिवाय परत लावायचा नाही म्हणून दोन फिल्टर मागून घ्या. मशीन भिंतीला चिकटवू नका, एक फूट तरी जागा सोडा.

दुसरं म्हणजे वीज. पाच लिटरचं मशीन साधारण 350 वॅटचं, चोवीस तास चाललं की दिवसाला 8 युनिटच्या वर, महिन्याला अडीचशे युनिट. म्हणजे आमचं नेहमीचं जेवढं येतं त्याच्यावर अख्खं एक बिल अजून, स्लॅब वरचा लागतो तो वेगळा. भाडं विचारताना हे कुणी धरत नाही, धरा. एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका, सरळ भिंतीतल्या सॉकेटला लावा. आणि मुंबईत लाईट जात नाही या भरवशावर राहू नका, 12 ऑक्टोबर 2020 ला आख्खी मुंबई बंद पडली होती ते आठवा, आणि चाळीत तर फ्यूज उडायला काही लागत नाही. सिलेंडर भरलेला, चावी त्याच्याच गळ्यात सुतळीने बांधलेली, आमच्याकडे असंच होतं. संडास गॅलरीच्या टोकाला, तिथपर्यंत नळी पोचत नाही, पहिले वीस दिवस कमोड खुर्ची आणि नंतर तोच छोटा सिलेंडर ट्रॉलीवर.

मशीनचं एवढं पुरे. आता जेवणाचं, जे मला जास्त लिहायचंय.

बाबांना ॲडमिट केलं तेव्हा श्वास मिनिटाला 34 होते आणि सॅच्युरेशन 84. तीसच्या वर श्वास गेले की डॉक्टर त्याला गंभीर धरतात. आधी हाय फ्लो लावलं, नाकातून गरम आणि ओलसर केलेली हवा मिनिटाला 50-60 लिटरपर्यंत जाते त्याच्यातून. दोन दिवस त्याच्यावर काढले. आणि त्या दोन दिवसांत बाबांच्या पोटात काय गेलं विचाराल तर जवळजवळ काहीच नाही. कुणाचा दोष म्हणून सांगत नाहीये. हाय फ्लो काढलं की सॅच्युरेशन पडतं, एवढ्या जोराने श्वास चालू असताना घास दिला तर तो श्वासनलिकेत जायची भीती, आणि बाबांनाच काही नको होतं. सगळ्यांचं लक्ष मॉनिटरवर. आम्ही पण बाहेर बाकावर बसून एकमेकांना आकडेच विचारत होतो, 90 झालं का, 91 झालं का. जेवले का, असं कुणीच विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी थकले आणि व्हेंटिलेटरवर गेले.

थकले हा शब्द तिथल्या डॉक्टरांनीच वापरला होता आणि तो मला खूप नंतर कळला. एरवी आपण जो ऑक्सिजन वापरतो त्यातला पाच टक्क्यांहून कमी हा श्वास घ्यायच्या कामाला लागतो, आपल्याला ते काम आहे हेच जाणवत नाही. फुफ्फुसात पाणी-पू भरून ती कडक झाली की तेच काम कितीतरी पट वाढतं. माणूस कॉटवर पडलेला दिसतो पण बरगड्यांमधले स्नायू, मानेचे स्नायू, छातीखालचा पडदा म्हणजे डायफ्रॅम हे सगळे चोवीस तास हमाली करत असतात, वर ताप, आणि खायला काही नाही. मग शरीर स्वतःचेच स्नायू मोडून खातं, आणि त्यात श्वासाचेही स्नायू आलेच. 2013 साली लंडनमध्ये आयसीयूतल्या पेशंटवर झालेल्या एका अभ्यासात दहा दिवसांत मांडीच्या पुढच्या स्नायूच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ जवळपास 18 टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं होतं. बाबांच्या मांडीला मी स्वतः तेल लावलंय, ती मांडी नव्हती, कातडीच्या पिशवीत हाड होतं.

व्हेंटिलेटरवर गेल्यावर दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या डायटिशियन मॅडम आल्या. नंतर घरी आल्या त्याही ह्याच, सुट्टीच्या दिवशी वेगळी फी घेऊन. आम्हाला बाहेर बोलावून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, काकांचं वजन किती आणि किती दिवसांपासून नीट जेवले नाहीयेत? आम्ही म्हटलं 58 किलो, आणि आजारपण धरून आठ दिवस. त्यांनी आमच्यासमोरच हिशोब केला. किलोला 25 कॅलरी म्हणजे 1450, किलोला 1.3 ग्रॅम प्रोटीन म्हणजे 75 ग्रॅम. मी म्हटलं मग आजच सगळं द्या. तर नाही. आठ दिवस उपाशी असलेल्या माणसाला एकदम पूर्ण फीड दिलं तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम धाडकन खाली येतं, हृदयावर आणि श्वासाच्या स्नायूंवर त्याचा परिणाम होतो, त्याला रीफीडिंग म्हणतात. म्हणून तासाला 20 मिलीने सुरुवात, रोज रक्त तपासून वाढवत चार-पाच दिवसांत तासाला 60, आणि सोबत व्हिटॅमिन बी वन. गरजेपेक्षा जास्त देणंही चुकीचं, कारण जास्तीच्या साखर-पिठातून कार्बन डायऑक्साईड तयार होतो आणि तो बाहेर टाकायचं काम परत त्याच थकलेल्या फुफ्फुसावर येतं. जेवण आणि श्वास एकमेकांना इतके बांधलेले आहेत हे मला त्या कॉरिडॉरमध्ये, त्यांच्या पेनाने औषधाच्या बिलाच्या मागे लिहिलेल्या आकड्यांवरून कळलं. ते बिल अजून आहे माझ्याकडे.

आठ दिवसांनी व्हेंटिलेटर निघाला. आम्हाला वाटलं आता तोंडाने खातील. आत्या गावाहून आली होती, तिने शहाळं आणलेलं, प्रेमानेच, आणि सिस्टर वळल्या तेवढ्यात चमच्याने दोन घोट दिले. बाबांना जो ठसका लागला, सॅच्युरेशन 82 वर, परत धावपळ. त्या आत्याचा चेहरा मला विसरता येत नाही, तिला कुणी ओरडलं पण नाही, ती स्वतःच कोपऱ्यात जाऊन बसली. घशात इतके दिवस नळी असली की गिळण्याचे स्नायू विसरल्यासारखे होतात, आणि सगळ्यात अवघड असतं ते पाणीच, पातळ ते घसरून चुकीच्या वाटेला जातं. घट्ट त्यामानाने सोपं. आपल्याला उलटं वाटतं ना, आजारी माणसाला पाणी तरी द्या. म्हणून गिळण्याची तपासणी होईपर्यंत राईल्स ट्यूब ठेवली आणि तशीच घरी आली.

घरी मॅडम दोनदा आल्या, दर वेळी दीड तास. पैसे वसूल म्हणण्यासारखं काही असेल तर हे. पहिल्या दिवशी त्यांनी आईच्या हातात सिरिंज दिली आणि स्वतः मागे उभ्या राहिल्या. आधी नळीवर नाकाशी जी खूण असते ती बघायची, सरकली असेल तर काही द्यायचं नाही, हॉस्पिटलला फोन. मग पाठ 30 ते 45 अंश वर, सपाट झोपवून फीड कधीच नाही. 30 मिली पाणी. मग फीड, 50 मिलीच्या सिरिंजचा दांडा काढून टाकायचा आणि नुसती नळकांडी धरून वरून सोडायचं, ते आपल्या वजनाने उतरेल, दाबायचं नाही. 240 मिलीला वीस-पंचवीस मिनिटं. मग परत 30 मिली पाणी नाहीतर नळी आतून चोंदते. आणि त्यानंतर तासभर तरी पाठ वरच. सकाळी सहा ते रात्री नऊ दर तीन तासांनी, सहा वेळा, म्हणजे 1440 मिली. आईने हे भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात लिहून ठेवलं, दर फीडला एक रेघ, दूधवाल्याचा हिशोब ठेवते तशाच.

पहिले चार दिवस आईच डळमळत होती. तिला वाटायचं डब्यातली पावडर म्हणजे केमिकल, आपलं घरचं द्यावं, मूगडाळीचं पाणी, भाताची पेज. मॅडमनी पेजेला नावं ठेवली नाहीत. एक वाटी डाळीचं वरचं पाणी आणि खाली राहिलेली डाळ अशा दोन वाट्या समोर ठेवायला सांगितल्या आणि म्हणाल्या, काकू, प्रोटीन कुठल्या वाटीत आहे? खालच्या. आणि नळीतून जाते कुठली? वरची. तेवढ्यावर आई गप्प झाली. घरचं वाटून गाळून देतात बरेच जण, खर्च परवडत नाही तेव्हा द्यावंही लागतं, पण ते पुरेसं घट्ट ठेवलं तर नळी तुंबते, पातळ केलं तर पोटात काही जात नाही, आणि स्वच्छता सांभाळायला लागते. पावडरही कालवल्यावर बाहेर चार तासांच्या वर ठेवायची नाही, मुंबईच्या दमटपणात तर नाहीच, दर वेळी ताजं. आणि दुधाने कफ होतो हे आमच्या माळ्यावरच्या प्रत्येकाने येऊन सांगितलं. मॅडम म्हणाल्या दुधाने कफ तयार होत नाही, घशात थोडं चिकट वाटतं एवढंच, त्यापायी प्रोटीन तोडू नका.

तक्रार करायची तर एक आहे, फी जास्त वाटते, आणि फोनवर मेसेजला उत्तर दुसऱ्या दिवशी येतं. फीड देताना उलटी झाली त्या दुपारी आम्हाला उत्तर तेव्हाच हवं होतं. आम्ही फीड थांबवलं, बाबांना कुशीवर वळवलं, तोंड साफ केलं आणि डॉक्टरांना फोन केला, ते बरोबर होतं असं नंतर कळलं, पण तो अर्धा तास कठीण होता. अशा वेळचा नंबर कुठला ते त्यांनी पहिल्याच दिवशी लिहून द्यायला हवं होतं, तुम्ही मागून घ्या.

तेराव्या दिवशी गिळण्याची तपासणी पास झाली. पहिला घास घट्ट मऊ भात आणि वरण नव्हे, तर दह्यासारखं घट्ट केलेलं नाचणीचं सत्त्व, बसून, हनुवटी खाली घेऊन, एक चमचा, गिळून झाल्यावर दुसरा. बाबांनी चार चमचे खाल्ले आणि म्हणाले, मीठ कमी आहे. आई रडली. चार दिवस नळी आणि तोंड दोन्ही चालू ठेवलं, मग नळी काढली. आता दिवसाला दोन अंडी, पनीर, दोन ग्लास दूध, आणि रविवारी सुरमई, काटा आई स्वतः काढते. अंड्याला 6 ग्रॅम, दुधाच्या ग्लासाला 6-7, 100 ग्रॅम पनीरला 18, सुरमईला 20, हे आकडे आमच्या घरात आता सगळ्यांना पाठ आहेत.

आणि गंमत नाही, खरंच सांगते, ऑक्सिजन खाली आला तो जेवण वर गेल्यावर. फुफ्फुसं त्यांच्या वेळेने साफ होत होती हे आहेच, डॉक्टरांनी तेच श्रेय दिलं. पण तोंडाने जेवायला लागल्यापासून फिजिओने सांगितलेल्या व्यायामाच्या डबीतली, श्वास आत ओढून वर उचलायच्या तीन प्लास्टिकच्या गोळ्यांमधली दुसरी गोळी उचलायला लागले, नंतर गॅलरीत चालायला लागले, बसून 1 लिटर, मग फक्त चालताना, मग झोपेत बघितलं तर ऑक्सिजनशिवाय 95. कमी करताना दर वेळी डॉक्टरांना विचारूनच, स्वतःच्या मनाने ना वाढवलं ना कमी केलं. त्यांना 92 च्या वर राहिलं की पुरे असं लिहून दिलं होतं. ज्यांच्या घरी जुना सीओपीडीचा (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होतात त्या फुफ्फुसाच्या आजाराचा) पेशंट आहे त्यांनी तर काटा फिरवूच नका, त्यांच्यात बहुतेक वेळा 88 ते 92 च ठेवतात, जास्त ऑक्सिजननेही त्रास होतो.

दुकानाबद्दल शेवटचं. आम्ही सव्वा महिन्यात मशीन परत केलं. दुसऱ्या महिन्याचं पूर्ण भाडं धरतील असं वाटलं होतं, काकांनी दिवसांप्रमाणे कापलं. तोच मुलगा न्यायला आला, परत ॲनालायझर लावून आकडा मला दाखवला, मग डिपॉझिट संध्याकाळी फोनवर जमा. कमी एकच, पावती हाताने लिहिलेली होती आणि मशीनचा नंबर त्यावर नव्हता, मी मागून लिहून घेतला, तुम्हीही घ्या, कंपनीतून किंवा मेडिक्लेममधून काही मिळत असेल तर लागतो. फीडचे दोन डबे न उघडता उरले होते, ते आमच्या नाक्यावरच्या मेडिकलवाल्याने बिल आणि बॅच नंबर बघून परत घेतले. बिलं फेकू नका.